कुंथलगिरीच्या वाटेवर विझलेले दिवे

सोलापूरहून उत्तरेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ तुळजापूर, धाराशिव, येडशी ही गावे मागे टाकीत बालाघाटाच्या पठारावरून बीडच्या दिशेने जातो. येडेश्वरीचे येरमाळा लागते, फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले तेरखेडा लागते आणि पुढे सरमकुंडी फाट्यावर खव्याचा व पेढ्यांचा गोड वास गाडीच्या काचेतून आत येतो. याच फाट्यावरून महामार्ग सोडून आत वळणारा रस्ता श्री क्षेत्र कुंथलगिरीकडे जातो. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातले हे सिद्धक्षेत्र. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा आणि मधूनमधून उसाचे फड. दिवसा हा प्रवास मनाला निवविणारा आहे. सूर्य मावळला, की मात्र हाच रस्ता काळोखात बुडून जातो. तेथे रस्त्यावरचे दिवे नाहीत. जो काही उजेड असेल तो आपल्याच गाडीचा.

कुंथलगिरीची टेकडी उंच नाही, परंतु तिचे माहात्म्य मोठे आहे. देशभूषण आणि कुलभूषण हे दोघे मुनी येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. राजपुत्र असलेले हे दोन बंधू विद्याभ्यास संपवून नगरीत परतत असता गवाक्षात उभ्या असलेल्या एका कन्येवर दोघांचेही मन जडले, आणि ती आपलीच भगिनी आहे हे कळताच त्या लज्जेतून त्यांना वैराग्य झाले. पुढे ते ध्यानस्थ असताना त्यांच्यावर झालेला उपसर्ग राम-लक्ष्मणांनी दूर केला, ही पद्मपुराणातील कथा जैन घराघरांत सांगितली जाते. रात्र पडली, की त्या डोंगरावरून भयंकर आवाज येत आणि भोवतालचे लोक संध्याकाळीच गाव सोडून दूर जात, असे त्या कथेत वर्णन आहे.

अलीकडच्या काळात या क्षेत्राचे नाव आणखी एका घटनेने भाविकांच्या मनावर कोरले गेले. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथेच सल्लेखना घेतली. त्यांच्या दृष्टीचे तेज मंदावत चालले होते. मुनी चालतो तो सूर्यप्रकाशात, पुढची चार हात जमीन पाहत, पायाखाली एखादा जीव येऊ नये या काळजीने. ही ईर्यासमिती. आहार घ्यायचा तोही डोळ्यांनी शोधून. डोळेच साथ देईनासे झाल्यावर अहिंसा महाव्रत निर्दोष पाळणे अशक्य होणार, हे ओळखून महाराजांनी व्रताला ढिलाई न देता देहाचा त्याग पत्करला. ८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी मराठीतून केलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला, आणि १८ सप्टेंबरला त्यांची समाधी झाली. टेकडीवर दर्शन घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही आठवण असतेच.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सोलापूरचे एक कापड व्यापारी आपल्या आईला, पत्नीला व महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला घेऊन कुंथलगिरीस आले होते. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या आयुष्यात कुंथलगिरीची वारी कितीतरी वेळा झालेली. पण दुकानाच्या घरातली वारी, म्हणजे सकाळी निघायचे आणि रात्री परतायचे. क्षेत्रावर एक रात्र राहावे आणि पहाटेचे दर्शन घ्यावे, ही तिची जुनी इच्छा. त्या दिवशीही ती म्हणाली, "अरे, आज राहू या ना. खोली मिळते आहे." मुलाने समजूत घातली, "आई, लग्नसराई आहे. उद्या सकाळी आठ वाजता माल भरायचा आहे. पुढच्या खेपेला नक्की राहू." आई काही बोलली नाही. सूर्यास्तापूर्वी सर्वांनी भोजनशाळेत जेवण उरकले आणि अंधार पडता पडता गाडी फाट्याच्या दिशेने निघाली.

दोनतीन किलोमीटर गेले असतील. एका वळणाच्या अलीकडे गाडीचे पुढचे दोन्ही दिवे एकदम विझले. काच काळी झाली. रस्ता, झाडे, कडेचा दगड, सारे एका क्षणात नाहीसे झाले. प्रकाशाला सरावलेल्या डोळ्यांना अंधारात दिसू लागायला काही मिनिटे लागतात. गाडी तेवढी वाट पाहत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर पुढे जाते. सुदैवाने रस्ता अरुंद असल्याने वेग चाळीसच्या आत होता. त्यांनी जोराने ब्रेक दाबला नाही. कारण मागून कोणी येत असेल तर त्याला अंदाज मिळणार नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग होते त्याच रेषेत धरले आणि चारही इंडिकेटर लुकलुकणारे बटण दाबले. त्या पिवळ्या उघडझापीत रस्त्याची डावी कड दिसली. गाडी हळूहळू डांबरावरून खाली उतरून थांबली.

पुढचे काम नातवाने केले. डिकीत स्टेपनीखाली लाल परावर्तक त्रिकोण होता. गाडी घेतल्यापासून तो कोणी उघडला नव्हता. मोबाईलच्या उजेडात तो सत्तरएक पावले मागे नेऊन वळणाच्या अलीकडे मांडला. आजीला व आईला गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, बांधाजवळ बसवले. उभ्या गाडीत बसून राहणे सुरक्षित वाटते, परंतु मागून आदळणाऱ्या वाहनाचा पहिला धक्का तिलाच बसतो.

मग दोष शोधणे सुरू झाले. नातू यांत्रिकी शाखेचा नव्हता, वाणिज्य शाखेचा होता. पण त्याचा विचार क्रमाने चालला. मागचे दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, इंजिन व्यवस्थित चालू होते. म्हणजे बॅटरी आणि तिला भार देणारा अल्टरनेटर ठीक आहेत. ते बिघडले असते, तर दिवे आधी मंद, पिवळसर होत गेले असते. दुसरा प्रश्न बल्बचा. एक बल्ब उडतो आणि दुसरा चालू राहतो, हे नेहमीचे. दोन्ही बल्ब एकाच क्षणी उडणे फार दुर्मिळ. त्यातही हॅलोजनच्या एकाच बल्बमध्ये डिपर आणि अप्पर यांच्या दोन वेगळ्या तारा असतात. डिपर गेला असता तर अप्पर लागायला हवा होता. तोही लागेना.

"बाबा, दोन्हीकडचे सगळेच एकदम गेले आहे. म्हणजे बिघाड दोघांत सामाईक असलेल्या ठिकाणी असणार," तो म्हणाला.

फ्यूजच्या डबीचे झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूस नकाशा असतो; कोणता फ्यूज कशाचा, हे त्यावर लिहिलेले असते. फ्यूजचा रंग त्याची क्षमता सांगतो : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. दिव्यांचे फ्यूज निळे होते, डाव्या बाजूचा एक व उजव्या बाजूचा एक. दोन्ही काढून उजेडात धरले. आतली तार अखंड होती. आता उरली स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या स्विचची जोडणी. तेथे हात जाताच वडिलांनी तो मागे घेतला. दांड्याखालचे प्लास्टिक चांगलेच गरम होते आणि जळाल्याचा बारीक वास येत होता. त्यांनी दिव्यांचा स्विच बंद केला.

दहा मिनिटे गेली. सहज म्हणून त्यांनी स्विच पुन्हा लावून पाहिला, आणि दोन्ही दिवे लख्ख लागले! बांधापर्यंत उजेड पसरला. सर्वांचा जीव भांड्यात पडला. "चला, बसा," ते म्हणाले. "सैल असेल काहीतरी. फाटा जवळच आहे. पुढे तर महामार्गच. दोन-अडीच तासांत घरी."

आजी बांधावरून उठली नाही. "कशाने गेले होते, ते कळले का?" तिने विचारले.

"नाही. पण आता लागले आहेत ना, आई."

"आपोआप आले, ते आपोआप जाणार नाहीत कशावरून?" ती थोडा वेळ थांबली. "आज वर काय पाहून आलास? पुढचे चार हात दिसेना, तेव्हा महाराजांनी पाऊल उचलले नाही. पायी चालणाऱ्याने एवढा विचार केला. आपली तर गाडी आहे; आणि रस्त्यात आपण एकटे नाही."

त्या बोलण्यात उपदेशाचा आव नव्हता. एका महापुरुषाच्या व्रताशी आपल्या अडचणीची तुलना करण्याचा तर तिच्या मनात विचारही नसेल. ज्याला दिसत नाही त्याने थांबावे, एवढी साधी गोष्ट ती सांगत होती. मुलाने घड्याळाकडे पाहिले. उद्याचा माल, ट्रकवाल्याला दिलेली वेळ, ग्राहकाला दिलेला शब्द, हे सारे त्याच्या चेहऱ्यावर उमटले असेल. पण अंधारात ते कोणाला दिसले नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. मागे फिरू."

गाडी वळवून, चारही इंडिकेटर चालू ठेवून, माणूस धावेल तेवढ्याच वेगाने ते क्षेत्राकडे निघाले. किलोमीटरभर गेले नसतील तोच दिवे दुसऱ्यांदा विझले. या वेळी कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. गाडी होती तेथेच कडेला थांबली. महामार्गावर, ऐंशीच्या वेगात, समोरून येणाऱ्या बसच्या झोतात हेच घडले असते तर, हा विचार चौघांनी आपापल्या मनात केला. दुपारी मिळालेल्या देणगीच्या पावतीवर क्षेत्राच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक छापलेला होता. फोन केल्यावर अर्ध्या तासात तेथून एक जीप आली. गाडी रस्त्यालगतच्या एका वस्तीच्या अंगणात ढकलून ठेवली. घरमालकाने किल्लीही मागितली नाही आणि पैशाचे नावही काढले नाही.

रात्री धर्मशाळेतून मुलाने धाकट्या भावाला फोन लावला. माल भरण्याची व्यवस्था दोन मिनिटांत झाली. दिवसभर जी गोष्ट अशक्य वाटत होती, ती एका फोनची होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गाडी दिव्यांची गरज नसताना येरमाळ्यापर्यंत नेण्यात आली. तेथील वाहन-विद्युत मिस्त्रीने स्टिअरिंगखालचे आवरण उघडले आणि स्विचमागचा कनेक्टर बाहेर काढला. पांढरा प्लास्टिकचा भाग तपकिरी होऊन वितळला होता. मग त्याने पुढच्या दिव्यातला बल्ब काढून त्याच्या बुडावरचे आकडे वाचले आणि विचारले, "हे शंभरचे बल्ब कोणी बसवले?"

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात, उजेड वाढावा म्हणून, गाडीत कंपनीच्या ६०/५५ वॅटच्या बल्बऐवजी १००/९० वॅटचे बल्ब बसवले होते. बसवणाऱ्याने वायरिंगला हात लावला नव्हता. "जादा रिले आणि जाड वायर नको का?" असे विचारायचे कोणालाच सुचले नाही.

व्यापारी घरातल्या माणसाला हा हिशेब समजायला कठीण नाही. गाडीची वीज १२ व्होल्टची. ६० वॅटच्या बल्बला ५ अँपिअर प्रवाह लागतो. दोन बल्बांचे १० झाले. १०० वॅटच्या बल्बला सव्वाआठच्या पुढे. दोहोंचे जवळजवळ १७. प्रत्येक बाजूचा फ्यूज १५ अँपिअरचा आणि त्याच्यातून जाणारा प्रवाह सव्वाआठच्या आसपास; म्हणून फ्यूज उडाला नाही. दोन्ही शाखांची खाती आपापल्या मर्यादेत होती. परंतु दोन्ही शाखांची उचल ज्या एका तिजोरीतून होत होती, त्या स्विचवर दोहोंची बेरीज पडत होती. त्यातही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह पावणेदोन पटींच्या आत वाढला, तरी सांध्यावरची उष्णता पावणेतीन पट झाली. सांधा तापला, की आतला धातूचा संपर्क सुटे; निवला, की पुन्हा जुळे. म्हणूनच दिवे आपोआप गेले आणि आपोआप आले. जो बिघाड आपोआप बरा होतो, त्याचे कारण बहुधा शिल्लकच असते.

मिस्त्रीने नवा कनेक्टर जोडला, मूळ क्षमतेचे बल्ब बसवले आणि बसवताना काचेला बोट लागू दिले नाही. हॅलोजनच्या काचेवर हाताचे तेल राहिले, तर ती त्या जागी अधिक तापून बल्ब लवकर जातो. अर्ध्या तासाचे काम आणि किरकोळ खर्च. "उजेड कमी वाटत होता ना?" असे म्हणून त्याने ओल्या फडक्याने दिव्यांची धुरकट काच पुसली व डिपरची वर गेलेली दिशा खाली आणली. भिंतीवर पडलेला प्रकाश पाहून मालक गप्प राहिले. गाडीला जास्त वॅटची गरजच नव्हती.

तीर्थयात्रेस निघणाऱ्या कुटुंबांनी या प्रसंगातून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संध्याकाळचे जेवण आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी होतेच. तेव्हाच गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर, अप्पर, मागचे दिवे व ब्रेकचे दिवे पाहून घ्यावेत. गाडीत फ्यूजचा संच, एक जादा बल्ब, चांगला टॉर्च आणि उघडता येणारा त्रिकोण असावा. फ्यूज उडाला तर त्याच क्षमतेचा घालावा. तोही लगेच उडाला तर कोठेतरी वीज अवैध मार्गाने वाहते आहे असे समजून थांबावे. मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. फ्यूज ठीक असेल, तर दिव्यांचा रिले तपासावा. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच बनावटीचा असतो. दोन्हींची अदलाबदल करून दिवे लागले, तर दोष सापडला. जळाल्याचा वास असेल, तर मात्र काहीही लावून पाहू नये. स्विच बंद करावा. नव्या एलईडी दिव्यांच्या गाड्यांत रस्त्यावर करण्यासारखे फारसे उरत नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोठेही ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून अंधारात गाडी रेटणे, हा उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ट्रकने खड्डा चुकवला, तरी तो मागच्याला दिसत नाही; आणि दिवे नसलेली आपली गाडी समोरून येणाऱ्याला दिसत नाही.

सोलापूरकडे परतताना दिवस पुष्कळ वर आला होता. ऊस तोडणीचा हंगाम. महामार्गाच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. काहींची अर्धी चाके डांबरावर, मागे ना दिवा ना लाल कागद. गाडी चालवणाऱ्याने धाराशिव येईपर्यंत त्या मनाशी मोजल्या. सात भरल्या. त्याने आकडा कोणाला सांगितला नाही.

मागच्या आसनावर आजी डोळे मिटून बसली होती. त्या पहाटे ती सर्वांच्या आधी उठली होती. नातवाचा हात धरून ती पायऱ्या चढली, तेव्हा बालाघाटाच्या कडांवर नुकते तांबडे फुटत होते आणि मंदिरात अभिषेकाची तयारी चालली होती. इतक्या वर्षांत तिने हे दर्शन कधी पाहिले नव्हते. उजेड होईपर्यंत ती प्रत्येक पायरीपाशी थांबत होती. नातू म्हणाला, "आजी, मोबाईलचा दिवा लावू का?" ती म्हणाली, "नको. दिसेल आता. थोडे थांबू."